नॉक थांबल्यावर मर्यादा कोणी ठरवायची? इथेनॉलवर ट्यून केलेल्या एका टर्बो गाडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

गाडी दोन लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल टर्बो. मालक हौशी ट्रॅक-ड्रायव्हर. एरवी तीच गाडी रस्त्यावरही वापरायचा. इंजिन आधी एकदा पूर्ण उघडून बांधलेले होते. त्यात फोर्ज्ड पिस्टन आणि फोर्ज्ड कनेक्टिंग रॉड होते, कॉम्प्रेशन रेशो ८.८ : १ होता आणि टर्बो मूळच्यापेक्षा मोठा बसवला होता. इंजेक्टर इनटेक पोर्टमध्ये फवारणारे, प्रत्येकी ६५० सीसी प्रति मिनिट क्षमतेचे. ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, स्वतंत्र आणि पूर्णपणे प्रोग्रॅम करता येणारा होता. इंधनातले इथेनॉल मोजणाऱ्या सेन्सरसाठी त्यात इनपुट होता, पण त्याला काहीच जोडलेले नव्हते.

चांगल्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर १.४ बार बूस्टला (बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ही गाडी सुमारे ३३० हॉर्सपॉवर देत होती. ओळख पटेल असे सगळे तपशील इथे गाळले आहेत आणि आकडे जवळच्या पूर्णांकाला आणले आहेत. कामाचा क्रम आणि निर्णय मात्र जसे झाले तसेच मांडले आहेत.

अडचण

टर्बोत अजून बरीच हवा शिल्लक होती, पण इंजिनाला ती वापरता येत नव्हती. १.४ बारवर, ४००० आरपीएमच्या आसपास, म्हणजे टॉर्क सर्वांत जास्त असतो तिथे, इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, टीडीसीच्या (पिस्टन सर्वांत वर असतो त्या क्षणाच्या) आधी जेमतेम ७ अंश ठेवावे लागत होते. त्याहून पुढे नेले की नॉक, म्हणजे ज्वाळा पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकणे. गरम दिवशी ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्या झाल्या की ईसीयू त्यातलेही दोन-तीन अंश काढून घेई. मिश्रण थंड राहावे म्हणून लॅम्बडा ०.७६ पर्यंत रिच करावा लागला होता. (लॅम्बडा म्हणजे हवा आणि इंधन यांचे प्रमाण: १ म्हणजे नेमके, त्याखाली इंधन जास्त म्हणजे रिच, त्यावर इंधन कमी म्हणजे लीन.)

उशिरा पेटलेल्या मिश्रणाची बरीच उष्णता पिस्टनवर काम न करता थेट एक्झॉस्टमधून बाहेर जाते. त्यामुळे एक्झॉस्टचे तापमान चढत होते आणि टर्बाइनला त्याचा त्रास होत होता. बूस्ट आणखी वाढवून पाहिला तर नॉक टाळण्यासाठी टायमिंग तितकेच मागे घ्यावे लागे आणि हाती काहीच वाढीव पडत नसे. इंजिन हवेवर नव्हे, इंधनावर अडले होते.

मालकाची अपेक्षा दोन वाक्यांत सांगण्यासारखी होती. ट्रॅकवर सलग वीस मिनिटे ताकद टिकली पाहिजे. आणि इथेनॉल न मिळाल्यास साध्या पेट्रोलवर घरी परतता आले पाहिजे. पुढच्या बहुतेक निर्णयांवर दुसऱ्या वाक्याचा प्रभाव पडला.

तपासलेले पर्याय

पहिला पर्याय पेट्रोलवरच राहून पाणी आणि मिथेनॉल यांची वेगळी फवारणी बसवण्याचा. यात मूळ इंधनव्यवस्थेला हात लावावा लागत नाही आणि चार्ज, म्हणजे सिलिंडरमध्ये जाणारे मिश्रण, चांगला थंड होतो. पण मग सगळे टायमिंग त्या एका नोझलच्या आणि छोट्या पंपाच्या भरवशावर उभे राहते. नोझल भर बूस्टमध्ये तुंबला तर इंजिनाजवळ नॉक सहन करणारे काहीच उरत नाही. प्रवाह मोजणारा सेन्सर आणि त्यावर चालणारी सुरक्षा बसवता येते, पण तेवढा खटाटोप करायचा तर मुख्य इंधनच का बदलू नये, हा ट्यूनरचा, म्हणजे ईसीयूची जुळवणी करणाऱ्या तंत्रज्ञाचा, प्रश्न रास्त होता.

दुसरा पर्याय पेट्रोलमध्ये ३० ते ४० टक्के इथेनॉल मिसळून चालवण्याचा. हा पर्याय दिसतो त्यापेक्षा चांगला आहे आणि मला वाटते लोक तो फार लवकर बाजूला टाकतात. इथेनॉलचा रेणू पेट्रोलमधल्या सरासरी रेणूपेक्षा बराच हलका असतो. त्यामुळे घनफळाने ३० टक्के मिसळलेले इथेनॉल रेणूंच्या संख्येने निम्म्याच्या आसपास जाते. म्हणूनच नॉक-प्रतिकारातला मोठा हिस्सा पहिल्या ३०-४० टक्क्यांतच मिळून जातो, आणि इंधनाची गरज तेवढ्या मिश्रणाला सुमारे १२ टक्केच वाढते. अडचण हाताने मिसळण्याची होती. ट्रॅकच्या दिवशी टाकीत किती उरले, त्यात काय होते, किती ओतले, हा हिशेब दर वेळी बरोबर येईल या गृहीतावर टायमिंगचा नकाशा (मॅप, म्हणजे कोणत्या वेगाला आणि लोडला किती टायमिंग याचे ईसीयूतले टेबल) बांधणे ट्यूनरला मान्य नव्हते.

तिसरा पर्याय फक्त ई८५, म्हणजे नावाने ८५ टक्के इथेनॉल असलेल्या इंधनासाठीच ट्यून करण्याचा. काम सर्वांत सोपे, पण पेट्रोलवर परतता येत नाही. शिवाय ई८५ या नावावर विसंबता येत नाही. एएसटीएम या मानकसंस्थेच्या डी५७९८ या मानकात अशा इंधनातले इथेनॉल ५१ ते ८३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. थंडीत इंजिन सुरू व्हावे म्हणून पेट्रोलचा भाग वाढवतात. एकाच नावाच्या दोन टाक्यांत २५ टक्क्यांचा फरक असेल, तर एकच स्थिर मॅप त्यांतल्या एकीला तरी चुकीचा ठरणारच.

उरला तो फ्लेक्स-फ्युएल. सेन्सर प्रमाण मोजतो आणि ईसीयू त्यानुसार इंधन, टायमिंग आणि बूस्ट तिन्ही सरकवतो. खर्च आणि मेहनत यात सर्वांत जास्त, पण मालकाच्या दुसऱ्या वाक्याला यातच नीट उत्तर मिळत होते. हाच पर्याय निवडला गेला.

आधी कागदावर: इंधनाचा हिशेब

ट्यूनरने लॅपटॉप जोडण्याआधी हिशेब मांडला. या प्रकरणातला हा पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा निर्णय.

पेट्रोलला एक किलो इंधनामागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, शुद्ध इथेनॉलला सुमारे ९, आणि ई८५ ला साधारण ९.८. म्हणजे हवा तेवढीच असली तरी ई८५ वजनाने दीडपट लागते. घनता थोडी जास्त असल्याने घनफळाने सुमारे ४३ टक्के जादा. पूर्ण बूस्टवर इथेनॉलला पेट्रोलइतके रिच चालवावे लागत नाही, त्यामुळे तिथला फरक थोडा कमी होतो, पण ३० टक्क्यांच्या खाली जात नाही.

आता गाडीवर जे होते त्याचे काय? ६५० सीसीचे चार इंजेक्टर ८५ टक्के ड्यूटीला, म्हणजे ८५ टक्के वेळ उघडे राहून, मिळून ताशी १३३ लिटर देतात. प्रति किलोवॅट-तास ४८० ग्रॅम हा टर्बो इंजिनासाठी ई८५ चा साधारण खप धरला, तर तेवढ्या इंधनात जेमतेम २९० हॉर्सपॉवर निघते. म्हणजे आहे त्या इंजेक्टरवर इथेनॉल भरले असते तर आहे ती ताकदही टिकली नसती. मालक तोवर इंजेक्टर नंतर पाहू म्हणत होता. हा आकडा पाहिल्यावर तो मुद्दा तिथेच मिटला.

४२० हॉर्सपॉवर डोळ्यांसमोर ठेवली तर ताशी १९० लिटर, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरला मिनिटाला जवळजवळ ८०० सीसी. १०५० सीसीचा इंजेक्टर त्यासाठी ७५ टक्क्यांवर चालला असता, १३०० सीसीचा ६१ वर. मोठ्या इंजेक्टरचा त्रास आयडलला होतो. पेट्रोलवर फवारणीचा कालावधी एक मिलिसेकंदाच्या जवळ येतो आणि तिथे इंजेक्टर सरळ रेषेत वागत नाही. तरीही १३०० घेतले, कारण त्यांच्यासोबत व्होल्टेज आणि दाब यांनुसार डेड-टाइमची (इशारा मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतच्या वेळेची) आणि छोट्या पल्सची तपशीलवार माहिती मिळत होती. इंजेक्टर आकाराने नव्हे, त्याच्या माहितीच्या खात्रीवर निवडावा, हे ट्यूनरचे म्हणणे मला पटते. माहिती नसलेला इंजेक्टर फ्लेक्समध्ये दुप्पट छळतो. कारण लॅम्बडा हलला तर तो इथेनॉलच्या प्रमाणामुळे की डेड-टाइमच्या चुकीमुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.

पंपाचा हिशेबही तसाच केला. रेलमधला (इंजेक्टरना इंधन वाटणाऱ्या नळीतला) मूळ दाब ३ बार, रेग्युलेटर मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाला) जोडलेला असल्याने बूस्टइतकाच इंधनाचा दाबही चढतो, म्हणजे १.८ बार बूस्टला पंपाला ४.८ बारवर ताशी १९० लिटर ढकलायचे. पंपाच्या खोक्यावरचा आकडा अशा दाबाचा नसतो. शिवाय पंपाला पोचणारे व्होल्टेज महत्त्वाचे. बॅटरीवर १३.६ व्होल्ट असताना पंपाच्या टोकाशी ११.८ मोजले गेले. बाकीचे जुन्या बारीक वायरिंगने खाल्ले होते. नवा पंप ताशी ४५० लिटर वर्गातला आणि इथेनॉलला चालणारा घेतला. त्याला बॅटरीपासून थेट जाड वायर, वेगळा रिले आणि फ्यूज दिला.

टर्बोचा कॉम्प्रेसर मात्र इंधन ओळखत नाही. ४१० हॉर्सपॉवरच्या आसपास सेकंदाला सुमारे ०.३२ किलो हवा लागणार होती. ती कॉम्प्रेसरच्या मॅपवर आरामात बसत होती, म्हणून टर्बो तसाच ठेवला.

काम: टाकीपासून रेलपर्यंत

इंधनाच्या वाटेवरचे रबर बदलले. होजेस पीटीएफई अस्तराच्या, ओ-रिंग फ्लुओरोइलास्टोमरच्या घातल्या. जस्त आणि मॅग्नेशियमचे भाग इथेनॉलला चालत नाहीत. ॲल्युमिनियमच्या रेलला ॲनोडायझिंग आहे की नाही ते पाहून घेतले. स्पार्क प्लग दोन पायऱ्या थंड (उष्णता लवकर सोडणारे), गॅप ०.६ मिलिमीटर. इथेनॉल नॉकला दाद देत नाही, पण तापलेल्या पृष्ठभागावरून आपोआप पेटण्याची, म्हणजे प्री-इग्निशनची, त्याची प्रवृत्ती पेट्रोलपेक्षा जास्त असते. तेव्हा गरम प्लग ठेवून चालत नाही.

सेन्सर रिटर्न लाइनवर बसवला. तो ५० हर्ट्झला शून्य टक्के आणि १५० हर्ट्झला १०० टक्के इथेनॉल सांगतो. पल्सच्या रुंदीवरून इंधनाचे तापमानही मिळते. त्याचे मोजमाप इंधनाच्या विद्युत गुणधर्मावर चालते, आणि पाणी त्या बाबतीत इथेनॉलच्याही पुढे आहे. इंधनात पाणी आले तर सेन्सर इथेनॉल वाढल्याचे सांगतो. १५० हर्ट्झच्या वरचे कोणतेही वाचन बिघाड मानायचे, असे ठरले.

पंप बसल्यावर आयडलला रेल आणि मॅनिफोल्ड यांच्यातला दाबफरक ३.० ऐवजी ३.५ बार दिसू लागला. रेग्युलेटर पूर्ण उघडूनही एवढे इंधन बारीक रिटर्न लाइनमधून परत जाऊ शकत नव्हते. रिटर्न लाइन मोठी केल्यावरच दाब जागेवर आला. हे आधी न पाहता ट्यून केले असते, तर आयडलचे सगळे आकडे एका खोट्या दाबावर उभे राहिले असते.

बिघाडात काय करायचे, हा स्वतंत्र निर्णय

सेन्सर बंद पडला तर ईसीयूने कोणते प्रमाण धरायचे? हा प्रश्न बहुतेक वेळा डिफॉल्टवर सोडला जातो आणि मला ते धोक्याचे वाटते. शून्य टक्के धरले, तर टाकीत इथेनॉल असताना इंधन फार कमी पडून इंजिन बंद पडेल. ८५ टक्के धरले, तर टाकीत पेट्रोल असताना टायमिंग इतके पुढे असेल की पिस्टन फुटेल. एका आकड्यात दोन्हीकडची सुरक्षितता बसत नाही.

ट्यूनरने उत्तर दोन भागांत दिले. इंधनासाठी शेवटचे विश्वासार्ह प्रमाण कायम ठेवायचे. टायमिंग आणि बूस्टसाठी मात्र पेट्रोलचाच नकाशा धरायचा आणि बूस्ट वेस्टगेटच्या (टर्बाइनला वगळून एक्झॉस्ट सोडणाऱ्या झडपेच्या) स्प्रिंगवर, म्हणजे सर्वांत कमी पातळीवर, आणायचा. गाडी चालत राहते आणि मोडतही नाही. याशिवाय तीन पहारे लावले: रेल आणि मॅनिफोल्ड यांच्यातला दाबफरक ०.४ बारहून जास्त घसरला, बूस्टमध्ये लॅम्बडा ठरलेल्या मर्यादेपेक्षा लीन झाला, किंवा इथेनॉल ६० टक्क्यांखाली गेले, तर बूस्ट आपोआप खाली. पहिल्या दोन्हींत तो थेट स्प्रिंगपर्यंत, तिसऱ्यात १.४ बारपर्यंत. हे सगळे बूस्ट वाढवण्याच्या आधी लावले आणि प्रत्येक पहारा मुद्दाम बिघाड घडवून तपासला.

डायनोवर: टायमिंग कुठे थांबवायचे

टाकीतल्या इंधनात सेन्सरने ७८ टक्के इथेनॉल दाखवले. पहिले काम १.४ बारवरच केले, म्हणजे फक्त इंधन बदलल्याने काय होते ते वेगळे कळावे. वाइडबँड गेज (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारे) पेट्रोलच्या एअर-फ्युएल रेशोत वाचणे बंद करून सगळे लॅम्बडात ठेवले. नाहीतर तोच ११.८ एका इंधनाला ठीक आणि दुसऱ्याला कसा, यावर वाद होत राहतो. पूर्ण लोडला लॅम्बडा ०.८२ ठेवला.

मग डायनोवर (गाडीची ताकद मोजणाऱ्या रोलरवर) ४००० आरपीएम धरून टायमिंग वाढवत नेले. ७ अंशांना ४१० न्यूटन-मीटर. ११ ला ४३६. १५ ला ४४९. १७ ला ४५२. १९ लाही ४५२. या सबंध प्रवासात नॉक सेन्सर एकदाही हलला नाही.

या प्रकरणात खरे शिकण्यासारखे काही असेल तर ते इथे आहे. पेट्रोलवर टायमिंगची मर्यादा नॉक ठरवतो, आणि ती सर्वाधिक टॉर्कच्या टायमिंगच्या बरीच अलीकडे येते. इथेनॉलचे ऑक्टेन वरचे, रिसर्च पद्धतीने सुमारे १०८. शिवाय त्याचे बाष्पीभवन होताना ते प्रति किलो पेट्रोलच्या अडीचपट उष्णता ओढते आणि ते किलोही जास्त लागतात. सगळे इंधन हवेतच बाष्प झाले असे धरले, तर चार्ज थंड करण्याची ताकद पेट्रोलच्या जवळपास चौपट. प्रत्यक्षात काही भाग पोर्टच्या भिंतींवर उडून जातो, तरी फरक मोठाच राहतो. त्यामुळे नॉकची मर्यादा सर्वाधिक टॉर्कच्या पलीकडे सरकते. १७ अंशांनंतर टॉर्क वाढत नाही, पण सिलिंडरमधला कमाल दाब वाढतच जातो. तो दाब पिस्टन, रॉड, बेअरिंग आणि हेड गॅस्केट यांच्यावर पडतो. टॉर्कचा आकडा तिथे काही सांगत नाही, नॉक सेन्सरही काही सांगत नाही.

ट्यूनरने १४ अंश ठेवले. कमाल टॉर्कपेक्षा हे एक टक्क्याच्या आसपास कमी, आणि दाबात त्याहून कितीतरी जास्त सूट. हीच पद्धत प्रत्येक आरपीएमला वापरली: टॉर्कची रेषा सपाट होऊ लागते तिथून दोन-तीन अंश मागे.

मग बूस्ट. १.६ बार, नंतर १.७५. पूर्ण थ्रॉटलच्या पहिल्याच धावेत ४२०० च्या आसपास इंजिनाचा वेग चढला आणि रोलरचा तसा चढला नाही. क्लच घसरला होता. मालकाला तेव्हा दोन बारचे वेध लागले होते.

“नॉक तर येतच नाही. क्लच बदलू आणि दोन बारपर्यंत जाऊन बघू या ना?”

ट्यूनरचे उत्तर: “नॉक येत नाही म्हणूनच आपण थांबायचं. पेट्रोलवर इंजिन आधी सांगतं, मग मोडतं. यावर तुम्हाला ते आधी काही सांगणार नाही.”

थोडा वेळ चर्चा झाली आणि तोडगा निघाला तो बूस्टच्या आकाराचा. रॉड वाकतात ते बहुधा मधल्या आरपीएमला, जिथे सिलिंडर सर्वांत चांगला भरतो आणि कमाल दाब सर्वांत जास्त असतो. वरच्या आरपीएमला तेवढ्याच बूस्टला सिलिंडर कमी भरतो. म्हणून ४५०० पर्यंत बूस्ट १.४५ बारवर बांधला आणि तिथून चढवत ५५०० ला १.७५ केला. टॉर्क ४८० न्यूटन-मीटरच्या आत सपाट राहिला आणि ताकद वरच्या टोकाला ४०५ हॉर्सपॉवरपर्यंत गेली. क्लच तरीही बदलला.

नंतर पेट्रोलवर आणि सुमारे ४० टक्के मिश्रणावर वेगवेगळे मोजून मधल्या पायऱ्या भरल्या. इंधनाचे प्रमाण शून्यापासून वरपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत सरकते. टायमिंगची रेषा तशी नसते. ४० टक्क्यांपर्यंत ती भरभर चढते आणि पुढे मंदावते. बूस्टसाठी मात्र मुद्दाम उलटा स्वभाव ठेवला: ६० टक्क्यांपर्यंत पेट्रोलइतकाच आणि त्यानंतर हळूहळू.

मधला प्रसंग: ट्रॅकवर मिश्रण लीन झाले

डायनोवर सगळे जुळले होते. काही आठवड्यांनी बंद ट्रॅकवर, चौथ्या गिअरमध्ये ६००० च्या वर, ताकद अचानक पडली. पहाऱ्याने बूस्ट काढून घेतला होता.

लॉग उघडल्यावर दाबफरक ३.० वरून २.४ बारवर घसरलेला दिसला आणि त्याच क्षणी लॅम्बडा ०.८२ वरून ०.९१ वर गेला होता. इंजेक्टरचा प्रवाह दाबफरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. २.४ भागिले ३.० याचे वर्गमूळ सुमारे ०.८९, आणि ०.८२ ला ०.८९ ने भागले की ०.९२ येते. दोन आकडे एकमेकांशी जुळले, म्हणजे दोष मॅपचा नव्हता, इंजेक्टरचा नव्हता, इथेनॉल सेन्सरचाही नव्हता. इंधनच पोचत नव्हते.

मालकाने आधी सुचवले होते की वरच्या आरपीएमला इंधन दहा टक्के वाढवून टाकावे. ते करून लॅम्बडा त्या दिवसापुरता जागेवर आला असता. पंप किंवा फिल्टर पुढे आणखी ढासळला असता तेव्हा लपवलेला दोष एकदम उघडा पडला असता. ट्यूनरने नकार दिला आणि फिल्टर कापून पाहिला. आत तपकिरी चिकट गाळ होता. इथेनॉल हा उत्तम विद्रावक आहे. टाकीच्या तळाशी पेट्रोलने वर्षानुवर्षे साठवलेला थर त्याने सोडवून फिल्टरपर्यंत आणला होता. टाकी उतरवून धुतली, पंपाची जाळी आणि फिल्टर बदलले, आणि दाबफरक पुन्हा सरळ रेषेत आला.

इंजिनाला काही झाले नाही. त्याचे श्रेय दाबफरक मोजणाऱ्या सेन्सरला. नुसत्या लॅम्बडाच्या पहाऱ्यानेही बूस्ट काढला असता, पण एक्झॉस्टमधून वाचन येईपर्यंत काही ज्वलने लीन होऊन गेलेली असतात, आणि कारण शोधायला कितीतरी दिवस गेले असते.

थंड सुरुवात

पेट्रोलमध्ये सहज उडणारे हलके घटक असतात. शुद्ध इथेनॉलला ते नाहीत, आणि साधारण १३ अंश सेल्सिअसच्या खाली त्याची पेटण्याजोगी वाफ नीट तयार होत नाही. गार इंजिन सुरू करून देतो तो मिश्रणातला पेट्रोलचा भाग. क्रँकिंगचे (स्टार्टर इंजिन फिरवत असतानाचे) इंधन ठरवायला चिकाटी लागली, कारण इंजिन खरोखर गार असते ते दिवसातून एकदाच. कमी पडले तर सुरू होत नाही, जास्त पडले तर प्लग भिजतात आणि इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. शेवटी तापमान आणि इथेनॉलचे प्रमाण या दोन्हींवर चालणारे वेगळे टेबल करावे लागले.

निष्पत्ती

गाडी आज १.७५ बारवर ४०५ हॉर्सपॉवर देते आणि ट्रॅकवरच्या सत्रात शेवटच्या फेरीपर्यंत टायमिंग मागे घेत नाही. मालकासाठी हा बदल कमाल आकड्यापेक्षा मोठा ठरला. एक्झॉस्टचे तापमान पूर्वीपेक्षा खाली आहे. पेट्रोल भरले की तीच गाडी १.४ बारवर, जुन्या ताकदीने, निमूटपणे चालते.

किंमत मोजावी लागली ती अशी. एका टाकीत गाडी पूर्वीपेक्षा जवळजवळ एक चतुर्थांश कमी अंतर जाते. छोट्या छोट्या फेऱ्यांत ऑइलमध्ये इंधन आणि पाणी जमा होते, म्हणून ऑइल बदलण्याचे अंतर निम्मे केले. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढते, त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवत नाहीत. गॅरेजमधल्या अग्निशामकाची निवडही बदलली. इथेनॉलच्या ज्वाळा भर उन्हात नीट दिसत नाहीत आणि साधा फोम अल्कोहोलवर टिकत नाही. अल्कोहोल-रोधक फोम लागतो.

वेगळे काय करता आले असते

टाकी आधीच उतरवून धुवायला हवी होती. जुन्या गाडीत हे काम इंजेक्टरच्याही आधी यायला हवे, आणि इथेनॉलच्या पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर फिल्टर बदलणे वेळापत्रकात लिहून ठेवायला हवे. क्लचची क्षमता टॉर्कच्या अंदाजाबरोबर कागदावरच तपासता आली असती.

एका गोष्टीवर ट्यूनर आणि मी अजून सहमत नाही. त्याने पेट्रोल आणि ७८ टक्के यांच्यामध्ये एकच मिश्रण मोजले. मी २० टक्क्यांच्या आसपास आणखी एक मोजले असते, कारण टायमिंगची रेषा सर्वांत जास्त वळते ती तिथेच, आणि इथेनॉलवर पेट्रोल ओतून निघालेली गाडी नेमकी त्याच पट्ट्यात सापडते. त्याचे उत्तर असे की त्या पट्ट्यात बूस्ट तसाही १.४ वर बांधलेला आहे आणि टायमिंग मोजलेल्या बिंदूंच्या खालच्या बाजूला ठेवले आहे. ते खरे आहे. तरीही ताज्या भरलेल्या टाकीत दोन इंधने लगेच एकजीव होत नाहीत आणि सेन्सरच्या वाचनाला ईसीयूत गाळणी लावलेली आहे, त्यामुळे रेलमध्ये खरोखर काय आहे ते ईसीयूला थोड्या उशिराने कळते. यासाठी वाचन स्थिर होईपर्यंत बूस्ट स्प्रिंगवर ठेवण्याची अट नंतर घालण्यात आली. ती पहिल्या दिवसापासून असायला हवी होती.

आणि कोणी अशाच गाडीवर काम करणार असेल, तर क्लोज्ड-लूप करेक्शनकडे, म्हणजे लॅम्बडा मोजून ईसीयू आपोआप करत असलेल्या इंधनाच्या दुरुस्तीकडे, रोज एक नजर टाकावी. आयडलपासून क्रूझपर्यंत सगळीकडे ते एकाच बाजूला, सारख्याच टक्क्यांनी सरकलेले दिसले, तर संशय आधी इथेनॉल सेन्सरवर घ्यावा. फक्त आयडलला सरकले तर इंजेक्टरच्या डेड-टाइमवर. आणि लोड वाढेल तसे वाढत गेले, तर दाबफरकाचा लॉग उघडावा.